पहारा आणि सोबत

निवासी शिबिरात मुलांबरोबर रात्री राहणाऱ्या मोठ्या माणसाचं नेमकं काम काय, एवढाच आजचा प्रश्न.

मराठीत दोन शब्द आहेत : पहारा आणि सोबत. जेरेमी बेंथमने १७९१ साली 'पॅनॉप्टिकॉन' या तुरुंगाची कल्पना प्रसिद्ध केली. मधल्या मनोऱ्यातला पहारेकरी कैद्याला दिसत नाही. म्हणून आपल्यावर सतत नजर आहे, असं धरूनच तो वागतो. शिबिरात हे जमेलही. पण चौदा-पंधरा वर्षांचं मूल त्यातून काय शिकेल? तर सापडायचं कसं नाही, हे!

सोबत निराळी. घरात कुणी एकटं असलं की शेजारच्या मावशी 'सोबतीला' झोपायला येतात. त्या कपाटं तपासत नाहीत. त्या आहेत, एवढं पुरतं. शिबिरातले ताई-दादा कुठे झोपलेत हे मुलांना ठाऊक हवं. रात्री दोनला पोट दुखलं, पाळी आली, घरची आठवण आली, तर न घाबरता हाक मारता आली पाहिजे.

मग नियम नकोत का? हवेत, पण आधी मोठ्यांना. मुलाशी बोलायचं ते इतरांना दिसेल अशा जागी. बंद खोलीत एकट्याने नाही. आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'गरज पडली तर मला सांगावं लागेल, पण मी तुझ्याबरोबर राहीन,' एवढंच खरेपणाने म्हणता येतं. सोबत म्हणतात ती हीच.