आयसी जळालेला नसतो! ऑप-अँप, कंपॅरेटर आणि पाच गैरसमज

अंधार पडला की दिवा लावणारं साधं सर्किट ब्रेडबोर्डवर जुळवलं, की मल्टिमीटर हमखास भलतेच आकडे दाखवतो. ५ व्होल्ट हवेत तिथे साडेतीन, शून्य हवं तिथे दोन. मग आयसी बदलला जातो आणि नवा आयसीही तेच आकडे देतो.

गैरसमज : आउटपुट एक तर पूर्ण सप्लायइतकं असतं, नाही तर शून्य.
वस्तुस्थिती : एलएम३५८ लोड हलका असेल तर शून्याजवळ उतरतो, पण चढताना सप्लायच्या सुमारे दीड व्होल्ट खालीच थांबतो. ७४१ दोन्ही टोकांना अंतर ठेवतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर त्याचं ‘लो’ दोनेक व्होल्टवर राहतं, म्हणून लाल एलईडी पुरता विझत नाही. अशा वेळी रेल-टू-रेल आउटपुटचा ऑप-अँप घ्या.

गैरसमज : सप्लायच्या आतलं कोणतंही व्होल्टेज इनपुटला चालतं.
वस्तुस्थिती : एलएम३५८ची इनपुट मर्यादाही सप्लायच्या दीड व्होल्ट खाली संपते. ५ व्होल्टवर ४ व्होल्टचा रेफरन्स दिला, तर निकालाची खात्री नाही. टीएल०७२ची तऱ्हा उलटी : इनपुट निगेटिव्ह सप्लायच्या फार जवळ गेलं, की ‘लो’ हवं तिथे आउटपुट ‘हाय’ होऊ शकतं.

गैरसमज : इनपुटमध्ये करंट जातच नाही, मग रेफरन्स कशाला हलेल?
वस्तुस्थिती : एनई५५३२च्या दोन इनपुटांमध्ये उलटसुलट जोडलेले डायोड असतात. अँप्लिफायरमध्ये दोन्ही इनपुट जवळपास समान असल्याने ते गप्प राहतात. कंपॅरेटरमध्ये मात्र फरक ०.६ व्होल्टच्या वर गेला की ते करंट वाहू देतात, आणि १०० किलोओहमच्या प्रीसेटवरून घेतलेला रेफरन्स सिग्नलमागे ओढला जातो. सिग्नल बदलत रेफरन्सची पिन मोजा. आकडा हलला तर हे कारण असण्याची दाट शक्यता.

गैरसमज : खास कंपॅरेटर असलेला एलएम३९३ लावला, तरी आउटपुट वर जात नाही, म्हणजे तो खराब.
वस्तुस्थिती : त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर आहे. ते फक्त खाली ओढतं. वर नेण्यासाठी सप्लायला जोडलेला १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर लागतो.

गैरसमज : मीटर अडीच व्होल्ट दाखवतो, म्हणजे आउटपुट मधेच अडकलं.
वस्तुस्थिती : बहुधा ते झपाट्याने वर-खाली होत असतं आणि मीटर सरासरी दाखवतो. सिग्नल १० किलोओहममधून नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला द्या आणि आउटपुटपासून त्याच पिनला १ मेगाओहम जोडा. आउटपुट ५ व्होल्टने हलत असेल, तर सुमारे ५० मिलिव्होल्टचा हिस्टेरेसिस मिळतो आणि हे फडफडणं सहसा थांबतं.

नवा आयसी आणण्याआधी डेटाशीटमधल्या तीन गोष्टी तपासा : आउटपुट किती हलतं, इनपुटची कॉमन-मोड मर्यादा किती आणि दोन इनपुटांत किती फरक चालतो. ‘चुकीचं’ वाटणारं व्होल्टेज बहुतेक वेळा तिथे आधीच छापलेलं असतं.