शिशाची बुंदी

मेलबर्न सेंट्रल नावाच्या खरेदी संकुलात फिरताना दुकानांच्या ऐन मधोमध विटांचा एक जुना मनोरा लागतो. वर काचेचा प्रचंड शंकू, खाली सरकते जिने, आणि या सगळ्यात हा धुराड्यासारखा चौकोनी ऐवज. मेलबर्नमध्ये मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. त्यातल्या कित्येकांनी त्याच्या पायथ्याशी उभं राहून ‘कुठे आहेस?’ असा फोन केला असेल. हे धुराडं नाही, देऊळ किंवा चर्चही नाही. 1889-90 मध्ये कूप कुटुंबाने बांधलेला हा एकेकाळचा छर्‍यांचा कारखाना आहे. उंची 50 मीटर, पायर्‍या 327. शिसं वितळतं तेही 327 अंश सेल्सियसला. हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कोकणात ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना छर्रा म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की रायफलीतून एकच गोळी सुटते आणि छर्‍याच्या बंदुकीतून एका बाराला शिशाच्या बारीक गोळ्यांची मूठच्या मूठ. एक मोठी गोळी हवी असेल तर साचा पुरतो. शिसं ओतायचं, निवलं की साचा उघडायचा, वरचा देठ कापून टाकायचा. हा उद्योग घराच्या मागल्या पडवीतही चाले. पण मोहरी-मिर्‍याएवढे दाणे हवेत, तेही लाखांनी, तर साचे कुठवर पुरणार? म्हणून शिशाचा पत्रा कापून पट्ट्या करत, पट्ट्यांचे चौकोनी तुकडे करत आणि ते पिंपात घालून गरगरा फिरवत. कोपरे झिजत, पण दाणा पुरता गोल कधीच होत नसे. वेडावाकडा दाणा हवेत वेडावाकडाच जातो.

सतराव्या शतकात प्रिन्स रूपर्ट या लढवय्या आणि खटपट्या राजपुत्राने वेगळी वाट काढली. रॉबर्ट हुकने 1665 च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात तिचं वर्णन केलं आहे. वितळलेलं शिसं भोकं पाडलेल्या भांड्यातून थोड्याशा उंचीवरून थेंबाथेंबाने पाण्यात सोडायचं. थोडक्यात, झार्‍यातून बुंदी पाडायची. कढईत तुपाऐवजी पाणी. हे शिसं शुद्ध नसे, त्यात हरताळ मिसळलेली असे. पोथीतली चुकीची अक्षरं झाकायला आपल्याकडे जी पिवळी हरताळ फासत, जिच्यामुळे ‘हरताळ फासणे’ भाषेत आलं, तीच. हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांचं संयुग. शिशाला गरज असते ती त्यातल्या सोमलाची. नुसत्या शिशाच्या थेंबावर हवा लागताच साय धरते. ती साय थेंबाला आवळून येऊ देत नाही आणि दाण्याला शेपटी फुटते. पिठाचं मान चुकलं की बुंदीला फुटते तशीच. किंचित सोमल पडला की थेंब मोकळेपणाने गोळा होतो.

तरीही रूपर्टचे दाणे पाण्यावर आपटून चपटे होत, त्यांना खळ्या पडत. पाण्याला टेकण्याआधी ते पुरेसे निवत नसत, एवढंच दुखणं होतं. उपाय आज कुणालाही सुचेल असा वाटतो, पण तो सुचायला शंभरावर वर्षं गेली.

ज्याला सुचला तो ब्रिस्टलचा विल्यम वॉट्स, धंद्याने प्लंबर. प्लंबर या शब्दाच्या पोटातच शिसं आहे. लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणतात आणि त्या काळचा प्लंबर शिशाचे नळ आणि पत्रे यांवरच पोट भरे. वॉट्सबद्दल दंतकथा अशी की त्याच्या बायकोला शिशाचा पाऊस पडल्याचं स्वप्न पडलं. दुसरे सांगतात, स्वप्न त्यालाच पडलं, तेही रात्री जरा जास्त झाल्यावर. मला दोन्ही गोष्टींवर फारसा भरवसा ठेवावासा वाटत नाही. जन्मभर शिसं वितळवणार्‍या माणसाला ते थेंबाने कसं पडतं हे पाहायला झोपावं कशाला लागेल?

1782 साली त्याने पेटंट मिळवलं. त्यापुढची करणी मात्र स्वप्नाहून अचाट आहे. रेडक्लिफ भागातल्या आपल्या राहत्या घराच्या डोक्यावर त्याने मनोरा चढवला, घरातले मजले आरपार फोडले आणि खाली जमीन खोदत थेट तिथल्या वालुकाश्मातल्या गुहांपर्यंत भोक नेलं. वर शिशाची भट्टी, तळाशी पाणी, मधे नुसती पोकळी. शेजार्‍यांचं काय म्हणणं पडलं असेल, ते ज्याचं त्याने ताडावं.

या यंत्रात फिरणारा एकही भाग नाही. यंत्र म्हणजे ती पोकळी. बाकीच्या विटा आत वारा येऊ नये, थेंब हेलकावू नयेत आणि भट्टी वर टेकवायला जागा असावी, एवढ्यासाठी. झार्‍यातून सुटलेला थेंब टोकदार नसतो. आपण पावसाचा थेंब चित्रात जसा काढतो तसा थेंब निसर्गात पडतच नाही. द्रवाचा पृष्ठताण त्याला चहूबाजूंनी ओढून धरतो आणि कमीत कमी पृष्ठभाग असलेला आकार म्हणजे गोल. गोल व्हायला तर थोडीच उंची पुरते. मनोरा लागतो तो गोलपणा टिकवायला, म्हणजे थेंब वाटेत थिजावा म्हणून. 50 मीटरच्या पडण्याला तीन-साडेतीन सेकंद लागतात. तेवढ्यात निदान वरचं कवच घट्ट झालं पाहिजे. उरलेलं काम पाणी करतं. दाणा मोठा तर उष्णता जास्त, उष्णता जास्त तर उंची जास्त. म्हणून बारीक छर्रे खालच्या मजल्यावरून सोडत आणि जाड छर्रे पार माथ्यावरून.

झार्‍याची एक खुबी सांगितलीच पाहिजे. भोकांतून शिसं धारेने वाहिलं तर सगळंच बिघडलं. म्हणून झार्‍याच्या तळाला आधी शिशावरचीच मळी थापत. तिच्यातून शिसं पाझरत पाझरत खाली येई. ही मळी किती जाड, किती गरम, हे कारागिराच्या हाताला ठाऊक असे. टास्मानियात टारूना इथे जोसेफ मॉयरने 1870 मध्ये दोन गवंड्यांच्या मदतीने आठ महिन्यांत 48 मीटरचा मनोरा उभा केला. मनोरा झाला, पण छर्रा काही नीट पडेना. धंद्याची गुपितं त्याला स्वतःच धडपडून शोधावी लागली. हे सगळं त्याने मनोर्‍यावरच्या पाटीत कोरून ठेवलं आहे. इंजिनियर मी, वास्तुकार मी, सुतार मी, मुकादमही मी, अशा थाटाची पाटी आहे ती. इतकं केल्यावर माणसाने एवढी ऐट मिरवली तर मिरवू द्यावी.

मग निवड. पाण्यातून काढून वाळवलेले दाणे उतरत्या फळ्यांवरून सोडत आणि दोन फळ्यांमध्ये फट ठेवत. गोल दाणा वेगाने घरंगळत येऊन फट उडी मारून पार करी. वाकडा रेंगाळे आणि फटीत पडे. त्याची रवानगी परत भट्टीत. कुणी मोजत नाही, कुणी पारखत नाही. दाण्याची परीक्षा त्याची त्यानेच द्यायची. शेवटी चाळण्यांतून आकारवार वेगळे करून ग्रॅफाइटसह पिंपात फिरवले की काळी झिलई चढे.

वॉट्सला या पोकळीने पैसा दिला आणि तो त्याने क्लिफ्टनच्या कड्यावर घालवला. विंडसर टेरेस नावाची उंची घरं बांधायला घेतली, तर आधी उतारावर अवाढव्य आधारभिंत घालावी लागली. पैसा भिंतीतच जिरला आणि 1794 मध्ये दिवाळं निघालं. त्याच्या घरातला मनोरा मात्र रस्तारुंदीसाठी पाडेपर्यंत, 1968 पर्यंत टिकला.

तोवर असे मनोरे जगभर झाले होते. चेस्टरचा 1799 चा मनोरा अजून उभा आहे. फिलाडेल्फियात 1808 मध्ये बांधलेल्या मनोर्‍याचा एक भागीदार जॉन बिशप युद्धविरोधी क्वेकर पंथाचा होता. छर्रे शिकारीसाठी होते तोवर ठीक. ब्रिटनशी 1812 चं युद्ध आल्यावर माल सैन्याकडे जाऊ लागला, तेव्हा त्याने आपला हिस्सा विकून अंग काढून घेतलं. बाल्टिमोरचा 1828 चा मनोरा 234 फूट उंच. त्याची कोनशिला बसवली चार्ल्स कॅरोलने, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणार्‍यांपैकी जिवंत असलेल्या अखेरच्या माणसाने. 1846 पर्यंत त्याच्याहून उंच बांधकाम अमेरिकेत नव्हतं. देशातली सर्वांत उंच वास्तू, आणि तिचं काम काय, तर वरून खाली टाकणे.

या उंचीचा दिमाख उतरवला लुई ब्लाइमाइस्टर या लॉस एंजलिसच्या माणसाने. 1960 च्या सुमारास त्याने दाखवलं की थेंब जेमतेम इंचभर उंचीवरून गरम पाण्यात सोडून पाण्यातच उतारावरून घरंगळवला तरी गोल दाणा मिळतो. म्हणजे रूपर्टचीच कढई, फक्त पाणी गरम. ज्यासाठी घराचे मजले फोडले, ते काम टेबलावर येऊन बसलं.

शिशाची खरी अडचण मात्र मनोर्‍यात नव्हती, पाणथळीत होती. झाडलेल्या बारातले फार थोडे छर्रे पक्ष्याला लागतात. बाकीचे चिखलात जातात. बदकं दाणे भरडण्यासाठी खडे गिळतात, आणि तळाशी पडलेला गोल, गुळगुळीत छर्रा त्यांना खडाच वाटतो. पेषणीत तो घासला जातो, आम्लात विरघळतो आणि शिसं रक्तात उतरतं. गोळी न लागलेलं बदक त्याच गोळीने मरतं. अमेरिकेने 1991 मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले, डेन्मार्कने 1996 मध्ये सरसकट, आणि युरोपीय संघाने 2023 मध्ये पाणथळ जागांपुरते.

त्यांच्या जागी मुख्यतः पोलादी छर्रे आले. पोलादाला वितळायला कितीतरी जास्त उष्णता लागते. ते अशा मनोर्‍यातून पाडत नाहीत. त्याची तार ओढतात, तारेचे तुकडे करतात, ते तुकडे दाबून आणि घासून गोल करतात.