छत्रीधारी सैनिकाचे छायाचित्र

मराठा पलटणींत गेलेली माणसे सातारा-सांगलीकडे गावोगाव भेटतात. मूळच्या मराठा पलटणीतून घडलेली दुसरी पॅरा पलटण ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालात टांगाइलजवळ छत्र्यांनी उतरली. परंतु त्या उडीचे म्हणून परदेशी पत्रांतही झळकलेले छायाचित्र आग्र्याच्या ब्रिगेडच्या आधीच्या सरावातले होते! एका पलटणीच्या जागी वाचकांना सबंध ब्रिगेड उतरलेली दिसली.

तसल्या उडीत विमानाला अडकवलेल्या पट्ट्याने छत्री लगेच उघडते. चित्र जमिनीवरूनही घेता येते. अतिउंचावरून, छत्री मिटलेली ठेवून घेतलेल्या उडीत मात्र खालून पाहणाऱ्याला सैनिक ठिपक्याएवढाही दिसत नाही. छायाचित्रकाराला शिरस्त्राणावर कॅमेरा बांधून बरोबरच उडी टाकावी लागते. पालथा पडणारा मनुष्य ताशी सुमारे २०० किलोमीटरच्या वेगावर स्थिरावतो. छायाचित्रकाराने हातपाय आखडले की तो खाली सरकतो, पसरले की मागे राहतो. वेग जुळला की समोरचा सैनिक जणू अधांतरी निजलेला! पुढे सैनिकाची छत्री उघडते आणि तो वर उडाला असे चित्रात दिसते. वास्तविक तो खालीच येत असतो. चित्र घेणारा अजून भरवेगाने पडत असतो, इतकेच.