नियम टेबलातच हवा: की आणि कन्स्ट्रेंट

मागच्या व्याख्यानात आपण वाचनालयाची तीन टेबलं आखली: सभासद, प्रती आणि देवघेव. आज त्यांच्यावर नियम घालूया.

असंच एक वाचनालय आम्ही पूर्वी संगणकावर आणून दिलं होतं. सगळी तपासणी प्रोग्रॅममध्ये, टेबलं मात्र मोकळी. वर्षभराने मोजणी झाली तेव्हा काही पुस्तकं यादीत नसलेल्याच सभासदांच्या नावे निघाली. कुणीतरी जुने सभासद थेट टेबलातून पुसले होते, देवघेवीच्या नोंदी मागे राहिल्या. आता पुस्तक मागायचं कुणाकडे?

इथे फॉरेन की हवी होती. देवघेवीत लिहिलेला सभासद क्रमांक सभासद टेबलात असलाच पाहिजे, असं एकदा सांगितलं की पुस्तकाची नोंद असलेला सभासद डेटाबेस पुसूच देत नाही. त्याला कॅस्केड जोडला तर सभासदाबरोबर त्याच्या नोंदीही जातात. लटकलेलं काही उरत नाही खरं, पण पुस्तकाचा मागही पुसला जातो! वाचनालयाला तो नको.

प्रायमरी की कशाची करायची? नाव नको, एका गावात एकाच नावाची तीन माणसं भेटतात. मोबाईल नंबरही नको, कारण घरातल्या चौघांचा एकच असतो आणि तो बदलतोही. म्हणून आपोआप वाढणारा क्रमांक घेतो. पण तेवढ्याने भागत नाही हं. तीच प्रत दोनदा टाइप केली तर तिला निमूटपणे दोन क्रमांक मिळतात. दाखल क्रमांकावर वेगळा युनिक लावलाच पाहिजे, आणि सोबत नॉट नलही, कारण बहुतेक डेटाबेसमध्ये युनिक रकान्यात कितीही नल चालतात.

आता खरी गंमत. एक प्रत एका वेळी एकाकडेच असणार. प्रोग्रॅम विचारतो, ‘प्रत आत आहे का?’ दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी विचारलं, दोघांनाही ‘आहे’ असं उत्तर आलं, दोघांनीही नोंद केली. विचारणं आणि लिहिणं यांच्यामधल्या फटीत नियम मोडला. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये यावर सोपा उपाय आहे: परत तारीख नल असलेल्या नोंदींपुरताच प्रत क्रमांकावर युनिक इंडेक्स. दुसरी नोंद मग टेबलच परत पाठवतं.

‘परत तारीख दिल्याच्या तारखेआधीची नको’ हे काम चेक कन्स्ट्रेंटचं. परत तारीख नल असेल तर उत्तर खरंही नाही, खोटंही नाही. चेक फक्त खोट्याला अडवतो, त्यामुळे बाहेर असलेलं पुस्तक बिनतक्रार चालतं.

मात्र नियम लिहिला म्हणजे लागू झाला असं समजू नका. मायएसक्यूएल 8.0.16 च्या आधी चेक वाचून चक्क सोडून द्यायचं, एररसुद्धा नाही. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी सहसा प्रत्येक कनेक्शनला मुद्दाम चालू करावी लागते. आम्ही तर नियम घातला की लगेच एक चुकीची नोंद टाकून बघतो.

त्या वाचनालयात फॉरेन की पहिल्या झटक्यात लागलीच नाही, लटकलेल्या नोंदी आड आल्या. कागदी वह्या काढून एकेक सभासद परत लिहिला, मग लागली.