बिल कोणाच्या नावावर?

कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, भालकीच्या एखाद्या घरात म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली की आधी ठरवावे लागते कुठे न्यायचे. बिदर, कलबुर्गी, उदगीर, लातूर, की थेट हैदराबाद? औरादचे लोक देगलूर-उदगीरकडे वळतात, बसवकल्याणचे उमरग्याकडे, आळंदचे सोलापूरकडे. कर्नाटकाची राजधानी बिदरपासून सुमारे सातशे किलोमीटरवर असल्यामुळे बंगळूरचे नाव सहसा शेवटी निघते. यात महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा संबंध फार थोडा. १९५६ पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बिदर जिल्ह्याचेच तालुके होते. राज्यपुनर्रचनेत जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला, पण दवाखान्याच्या वाटा लोकांनी बदलल्या नाहीत. पैशाच्या वाटा मात्र बदलल्या. कोणत्या कार्डावर कोणते सरकार किती भरणार, हे रुग्ण गाडीत घातल्यावरही घरच्यांना ठाऊक नसते.

२०२३ मध्ये हा प्रश्न अचानक राजकारणाच्या मध्यभागी आला. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ सीमावर्ती गावांतील लोकांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ द्यायचे महाराष्ट्र सरकारने ठरवले. बेळगाव आणि कारवारबरोबर बिदर आणि कलबुर्गीकडची गावेही त्यात आली. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तीव्र आक्षेप घेतला. पुढे बेळगाव भागात अर्ज भरून घेणाऱ्या केंद्रांवर प्रशासनाने कारवाई केली. दोन्हीकडच्या भाषणांत अस्मिता भरपूर होती. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा-तीनदा जावे लागणाऱ्या माणसाचा खर्च त्या भाषणांत कुठेच नव्हता. सीमाप्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागायचा तेव्हा लागेल. २००४ पासून दावा तिथे आहेच. मूत्रपिंडाला तेवढी उसंत नसते.

कर्नाटकाने या भागाला काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट, गरिबांच्या मोठ्या शस्त्रक्रियांचे बिल सरकारने भरायचे, ही त्या राज्यातली मोठी सुरुवात याच विभागातून झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी गुलबर्गा (आताच्या कलबुर्गी) विभागात लागू झाली. बीपीएल (दारिद्र्यरेषेखालील) रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंड, भाजणे अशा मोठ्या आजारांवर दीड लाखापर्यंतचे उपचार फुकट, हप्ता शून्य. गावोगाव शिबिरे भरत आणि निवडलेल्या रुग्णांना शहरातल्या रुग्णालयात बोलावले जाई. योजना आधी उत्तरेत आली आणि दक्षिणेत नंतर, त्यामुळे संशोधकांना दोन्ही भागांच्या हद्दीवरची शेजारशेजारची गावे ताडून पाहता आली. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचे निष्कर्ष आले. योजना असलेल्या गावांतील गरीब कुटुंबांत त्या आजारांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ०.३२ टक्के होते, नसलेल्या गावांत ०.९० टक्के. रुग्णालयात भरती झाल्यावर पदरचा होणारा खर्चही सुमारे एक तृतीयांशाने घटला. सरकारने पैसा घातला की माणसे वाचतात, याचा इतका स्वच्छ पुरावा आपल्या देशात क्वचित मिळतो. हे आकडे बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या प्रत्येक सरपंचाला पाठ असावेत असे मला मनापासून वाटते.

त्याच्याही आधी, २००३ पासून, सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना चालू होती. सुरुवातीला महिन्याला पाच रुपये वर्गणी आणि त्यावर सरकारची भर. सहकार ज्याच्या हाडीमाशी आहे अशा बिदरसारख्या जिल्ह्याला ही कल्पना लगेच उमगणारी होती. बचत गटांना कर्ज देण्याच्या कामात इथल्या जिल्हा सहकारी बँकेने देशात नाव मिळवले आहे. २०१८ मध्ये आरोग्य कर्नाटक ही एकच मोठी योजना करताना यशस्विनी बंद झाली आणि आरडाओरड झाल्यावर २०२२-२३ मध्ये परतली. आता ग्रामीण कुटुंबाला वर्षाला पाचशे रुपये भरावे लागतात आणि संरक्षण पाच लाखांचे.

सध्याच्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, तर एपीएल (दारिद्र्यरेषेवरील) कुटुंबाला ठरलेल्या दराच्या फक्त तीस टक्के, तेही दीड लाखापर्यंत. म्हणजे सगळे ओझे रेशनकार्डाच्या रंगावर आले. बीपीएल कार्डासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख वीस हजार. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभर बीपीएल कार्डे रद्द होऊ लागली तेव्हा चर्चा तांदळाची झाली. ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण होता, त्या घराच्या हातून तांदळाबरोबर उपचाराची हमीही निसटत होती. नंतर कार्डे परत देण्याचे आदेश निघाले. मधल्या दिवसांत तारीख मिळालेल्या शस्त्रक्रियेचे काय झाले असेल?

आणि कार्ड शाबूत असले तरी ते चालते भरती झाल्यावर. या भागातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मेडिकलच्या काउंटरवर थोडा वेळ थांबून पाहावे. प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे, घडीवर घडी पडलेला डिस्चार्ज पेपर आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घेऊन एखादी बाई येते. "भाऊ, पंधरा दिवसांच्याच द्या." "मावशी, डॉक्टरांनी महिन्याच्या लिहिल्यात." "तूर विकली की बाकीच्या नेते." बीपी आणि साखरेच्या गोळ्या अशा अर्ध्यावर तुटतात आणि काही वर्षांनी तीच बाई पक्षाघात होऊन भरती होते. मग सरकार तिच्यासाठी आनंदाने लाखभर मोजते. गोळ्या, तपासण्या, बसचे भाडे, सोबत आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी, हे सगळे घराने भरायचे असते. त्यासाठी आधी बचत गट, मग गहाण ठेवलेले मंगळसूत्र, मग सावकार. देशभरचा हिशेब याहून वेगळा नाही. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम अजून लोकांच्या खिशातून जाते. सरकारांचा आरोग्यखर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) १.८४ टक्के, आणि २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन होते.

विम्याचे कार्ड की सरकारी दवाखाना, हा वाद खरा इथे आहे. खासगी रुग्णालयाला शस्त्रक्रियेमागे दर देऊन मोठ्या आजारातून माणूस सुटतो, हे आरोग्यश्रीने दाखवले. पण रोजच्या आजाराला कार्ड पुरे पडत नाही. थायलंडने २००२ मध्ये करांच्या पैशातून सर्वांना उपचार द्यायला सुरुवात केली, तेव्हा पैसा आधी जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या जाळ्याकडे वळवला. रुग्णाने एका खेपेला तीस बाट द्यायचे. अडीच एकर तुरीवर जगणाऱ्या माणसाला अशीच व्यवस्था परवडते.

पैसा असा जवळच्या सरकारी दवाखान्याकडे वळवल्याची छोटी उदाहरणे कर्नाटकातही आहेत. दिवंगत अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाच्या हृदयज्योती योजनेत तालुका रुग्णालयातच ईसीजी होतो आणि रक्ताची गाठ विरघळवणारे हजारो रुपयांचे इंजेक्शन फुकट मिळते. कलबुर्गीत जयदेव हृदयरोग संस्थेची मोठी इमारत डिसेंबर २०२४ मध्ये उभी राहिली. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये अतिमागास ठरवलेल्या ३९ तालुक्यांपैकी २१ गुलबर्गा विभागातले होते, आणि संविधानाच्या कलम ३७१(जे) मुळे विकासाचा वेगळा निधीही इथे येतो. त्या निधीतला मोठा वाटा पहिल्यांदा तालुका रुग्णालयातल्या फिजिशियनवर, भूलतज्ज्ञावर आणि बाह्यरुग्ण विभागातल्या पूर्ण महिन्याच्या गोळ्यांवर खर्च व्हावा. रस्ते आणि सभागृहे थोडी थांबली तरी चालतील.

सीमेबाबत माझी मागणी साधी आहे. दोन्ही राज्यांनी गावांच्या याद्या बाजूला ठेवून एकमेकांच्या रुग्णांचा लेखी करार करावा: आळंदचा रुग्ण सोलापुरात भरती झाला तर बिल बंगळूरकडे जावे, उमरग्याचा कलबुर्गीला आला तर मुंबईकडे, आणि दर आधीच ठरलेले असावेत. कोणती रुग्णालये कोणते कार्ड घेतात, त्याचा फलक मराठी आणि कन्नडमध्ये प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर लागावा. या कराराने कोणाचा सीमेवरचा दावा कमी होत नाही, म्हणून न्यायालयाच्या निकालाची वाट पाहायचेही कारण नाही. दोन्ही राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी येत्या अर्थसंकल्पांआधी सोलापुरात किंवा बिदरमध्ये एकत्र बसून तो करावा.