जुन्या रेकॉर्डचा धंदा : आधी पारख, मग खरेदी

भंगाराच्या हातगाडीवर जुना पंखा, पितळी स्टोव्ह आणि रद्दी यांच्या जोडीला कधीकधी काळ्या तबकड्यांचा एखादा गठ्ठा येतो. पंख्याचा भाव आतल्या तांब्यावर ठरतो, स्टोव्हचा पितळेच्या वजनावर. तबकडीचे तसे नाही. ती वितळवून हाती काही लागत नाही, म्हणून ती बहुधा फुकटात दिली जाते किंवा फोडून टाकली जाते. त्याच गठ्ठ्यात एखादी तबकडी अशी असू शकते की जिच्यासाठी गिऱ्हाईक मुंबईहून कोल्हापूरला येईल. जुन्या वस्तूंच्या व्यवसायात असलेल्या आमच्या बांधवांना या मालाची ओळख व्हावी, एवढ्यासाठी ही माहिती देत आहोत.

मागणी कशी वाढली?

१९८० च्या दशकात कॅसेट घरोघर पोहोचली आणि रेकॉर्डचा बाजार बसला. नंतर सीडी आली, मग मोबाईल आला. रेकॉर्ड कायमची गेली असेच सर्वांना वाटले. परंतु अलीकडे वारे फिरले आहे. अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डच्या विक्रीची रक्कम १९८६ नंतर प्रथमच सीडीच्या रकमेपुढे गेली. आपल्याकडेही सारेगामा कंपनी जुन्या चित्रपटांच्या रेकॉर्ड नव्याने काढून विकते. गिऱ्हाईक पुन्हा तयार झाले आहे आणि त्यातले बरेचजण मूळ, जुनी प्रतच शोधत असतात.

मालाचे तीन प्रकार

पहिला प्रकार ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीचा. भारतात ध्वनिमुद्रणाला १९०२ साली कलकत्त्यात सुरुवात झाली, तेव्हा गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. ही तबकडी जड असते, हातातून पडली की काचेसारखी फुटते आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजते. दुसरा प्रकार लाँग प्ले म्हणजे एलपीचा. १९४८ साली अमेरिकेत निघालेली ही प्लास्टिकची रेकॉर्ड एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक चालते. तिसरा प्रकार सात इंची ईपीचा. तिच्यावर बहुधा चित्रपटाची चार गाणी असतात.

युरोप-अमेरिकेत ७८ ची तबकडी १९६० च्या सुमारास बंद झाली, पण आपल्याकडे ती पुढेही निघत राहिली. त्यामुळे इंग्लंडच्या बीटल्स मंडळींची गाणी भारतात ७८ च्या तबकडीवर निघाली. पार्लोफोनचे लेबल असलेल्या त्या तबकड्यांसाठी परदेशी संग्राहक मोठी किंमत मोजतात. तेव्हा लेबलवरचे नाव ओळखीचे नाही म्हणून माल टाकून देऊ नये.

कोल्हापुरात काय शोधावे?

कोल्हापूर हे गाण्याचे गाव आहे. उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या काळात येथे दरबारगायक होते. १९४६ साली ते वारले. त्यांनी आपल्या गाण्याची रेकॉर्ड कधी काढू दिली नाही. त्यांची गायकी आज ऐकायची तर केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या रेकॉर्डवरच. केसरबाईंचे एक गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर आहे. शेजारच्या मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहत. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीने काढलेल्या त्यांच्या तबकड्यांना जाणकारांत आजही मान आहे. सुधीर फडके यांचा जन्म १९१९ साली कोल्हापुरातच झाला. १९७२ च्या ‘पिंजरा’ची गाणी जगदीश खेबुडकरांची, तर संगीत राम कदमांचे. लावणी, पोवाडे, कव्वाली, नात यांच्या छोट्या रेकॉर्डही बाजूला काढाव्यात. यातले बरेचसे पुन्हा कधी छापले गेले नाही.

माल येतो तो मुख्यतः दोन ठिकाणांहून. एक, गाण्याची आवड असलेली जुनी घरे. दुसरे, लग्नकार्यात वाजविणारे लाऊडस्पीकरवाले. घरचा माल जपलेला असतो. लाऊडस्पीकरवाल्याकडची लोकप्रिय गाणी शेकडो वेळा वाजून झिजलेली असतात. म्हणून गठ्ठा कुठून आला हे आधी विचारावे. कोल्हापुराबाहेर पुण्याचा जुना बाजार बुधवारी व रविवारी भरतो. मुंबईत चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर शुक्रवारी पहाटे रस्त्यावर माल मांडला जातो. मात्र तेथील विक्रेते मुरलेले असतात. नवख्याने पहिल्या खेपेला पैसे खर्च करू नयेत, नुसते भाव ऐकावेत.

पारख कशी करावी?

रेकॉर्ड कव्हरातून पूर्ण बाहेर काढावी. खाचांना बोटे लावू नयेत, कडेने धरावी. ती उजेडात तिरकी धरली की चरे दिसतात. नखाला लागणारा चरा प्रत्येक फेरीला ‘टक्’ असा वाजणार हे नक्की. नुसत्या उजेडात दिसणारे केसासारखे ओरखडे बहुधा चालून जातात. लाखेच्या तबकडीच्या खाचा काळ्याऐवजी करड्या दिसल्या तर पिनने त्या खाल्ल्या आहेत असे समजावे. मग ती डोळ्यांच्या पातळीत आडवी धरावी. उन्हाने वाकलेली एलपी लगेच ओळखू येते.

कव्हर एकाचे आणि आतली रेकॉर्ड दुसऱ्याची, असेही पुष्कळदा निघते. लेबलवर सारेगामा नाव असेल तर ती प्रत २००० नंतरची, कारण ग्रामोफोन कंपनीने हे नाव त्या साली घेतले.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहरातील अनेक घरांत शिरले. अशा घरांतली रेकॉर्ड धुऊन वाजेलही, पण कव्हर कुजते, लेबल सुटते आणि खाचांत गाळ बसतो. लेबल गेले असल्यास लेबलच्या भोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला क्रमांक पाहावा. त्यावरून गाण्याचा पत्ता लागू शकतो.

हिशेब

समजा, ६० रेकॉर्डचा गठ्ठा ३,००० रुपयांना मिळाला. एक नग ५० रुपयांना पडला असे वाटते. पण घरी येऊन पाहता १० फुटक्या आणि ३० झिजलेल्या निघाल्या, तर विकण्याजोग्या २० च राहिल्या. म्हणजे नग १५० रुपयांना पडला. त्यात जाण्यायेण्याचा खर्च आणि नवे कव्हर धरावे लागेल. घासाघीस करताना मोजायची ती चांगल्या नगांची संख्या. पुष्कळांचे भांडवल येथेच अडकते.

सफाई आणि विक्री

लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये. लाकडाला पॉलिश करणारे कारागीर लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, हे लक्षात ठेवावे. मऊ कापड, स्वच्छ पाणी आणि साबणाचा थेंब पुरतो. लेबल मात्र कोरडे ठेवावे. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात, एकीवर एक रचू नयेत. ७८ ची खाच एलपीच्या खाचेच्या सुमारे तिप्पट रुंद असते. एलपीच्या सुईवर ती नीट वाजत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगावे.

रेकॉर्ड विकणे हा कायदेशीर व्यवहार आहे, पण तिच्यावरून प्रती काढून विकणे नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो, आणि कवी-संगीतकारांचे हक्क वेगळे असतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मालातला ऐब आधी सांगावा. चरा कुठे आहे, कोणते गाणे अडते, कव्हर मूळचे आहे की नाही, हे चिठ्ठीवर लिहून रेकॉर्डला लावावे. या धंद्यात गिऱ्हाईक मोजके असते आणि ते एकमेकांना ओळखते. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांचीच संस्था आहे. एकाला फसविले तर दहाजण पाठ फिरवतात. खरे सांगणाऱ्याकडे मात्र तेच लोक पुन्हा येतात आणि आपली यादीही देऊन जातात.

ज्यांचा भंगाराचा धंदा आहे त्यांना आमची एवढीच विनंती आहे की नाव न समजलेली तबकडी फोडू नये. जागा थोडीच लागते. जाणकाराला दाखवावी आणि मगच ठरवावे.