व्हिडिओ गेम ‘एल्डन रिंग’ : सहा शेवटांचे कोडे

निर्मिती : जपानची फ्रॉमसॉफ्टवेअर, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. खेळाआधीचा पौराणिक इतिहास जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचला.

प्रकाशन : २५ फेब्रुवारी २०२२.

कथा कुठे सापडते? : शस्त्रे, चिलखते, ताईत यांच्या वर्णनांतल्या मोजक्या ओळींत. देवी-राणी मारिका आणि तिचा पती राडागॉन एकच आहेत, हे लेंडेल राजधानीतल्या पुतळ्यासमोर ठरावीक मंत्र वापरल्यावर उलगडते.

चार शेवट जोडणीचे : जगाची व्यवस्था धरून ठेवणारी, पण भंगलेली एल्डन रिंग आहे तशी सांधा, किंवा फिया, गोल्डमास्क, डंग ईटर या पात्रांच्या उपकथा पुऱ्या करून मिळालेले रून (रिंग सांधणारी चिन्हे) वापरा. मग अनुक्रमे मृतांना व्यवस्थेत जागा, देवांच्या लहरींपासून मुक्त नियम किंवा पिढ्यान्‌पिढ्यांचा शाप.

पाचवा : चेटकीण रॅनी व्यवस्थाच माणसांपासून दूर, ताऱ्यांकडे नेते. ही मुक्ती की पोरकेपण, यावर चाहत्यांत मतभेद.

सहावा : ‘फ्रेन्झीड फ्लेम’ सारे जग जाळते. ही ज्वाला स्वीकारली की इतर वाटा बंद; मारिकाचा मुलगा मिकेला याच्या सुईने मात्र माघार घेता येते.

पुरवणी : जून २०२४ मधल्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ने इतिहास वाढवला, शेवट सहाच ठेवले.